नागपूरकराचा समुद्राशी खरंच काही संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय, "मी नागपूरचा. बी.एस्सी.ला सागरी प्रदूषणावर प्रकल्प करायचा आहे. समुद्र एकदाच पाहिलाय, तोही जुहूला. इतक्या दूर राहणाऱ्याचा त्याच्याशी खरंच काही संबंध आहे, की ओढूनताणून जोडायचा?"

संबंध आहे आणि तो ओढूनताणून जोडावा लागत नाही. फक्त तुमचा समुद्र जुहूचा नाही. आपल्या शहराचं सगळं पाणी बंगालच्या उपसागराला जातं.

मी रसायनशास्त्र शिकवतो आणि माझी मावशी वैनगंगेकाठच्या पवनीला राहते. हा संबंध मला पुस्तकाआधी तिच्याकडेच कळला. एका उन्हाळ्यात तिच्या घरी गेलो होतो. संध्याकाळी नदीकडे निघालो तर ती म्हणाली, "जा, पाहून ये. तुमच्या नागपूरचं पाणी आलंय." मला ते फार लागलं, कारण तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाहुण्याला जे आहे ते दाखवावं, तसं ती बोलली होती.

नकाशा उघडा आणि बोटाने नाग नदी धरा. अंबाझरीपासून बर्डी, महाल, नंदनवन करत ती पारडीकडे जाते, वाटेत घराघरांतलं सांडपाणी घेते. पुढे पिवळी नदी तिला मिळते, मग दोघी कन्हानमध्ये आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. तिथून खाली गोसीखुर्दचं धरण. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ एकत्र आल्या की तिचं नाव प्राणहिता होतं. ती सिरोंच्याला गोदावरीत शिरते. त्यापुढे मेडीगड्ड्याचा बंधारा, राजमहेंद्रीजवळचा धवळेश्वरमचा बंधारा आणि मग फाटे फुटून समुद्र. प्राणहिता ही गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी, गोदावरीच्या खोऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग तिचा. म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यावरच्या काकिनाड्याच्या कोळ्याच्या दृष्टीने तुम्ही-आम्ही नदीच्या वरच्या अंगाला राहणारी माणसं आहोत.

आता प्रकल्पाचं. बहुतेक मुलं प्लास्टिकने सुरुवात करतात. दरवर्षी काही दशलक्ष टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात जातं हे खरं आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 2010 या वर्षासाठी तो आकडा 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन काढला होता. पण नागपूरच्या बाबतीत प्लास्टिक हा धागा सगळ्यात कच्चा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अशोक चौकाच्या पुलाखाली अडकलेली पिशवी समुद्रापर्यंत सहसा पोहोचत नाही. ती काठाच्या झुडपात अडकते, गाळात पुरली जाते, धरणाच्या भिंतीशी थांबते. समुद्रात जाणारं प्लास्टिक मुख्यतः किनाऱ्याजवळच्या शहरांतून आणि छोट्या नद्यांतून जातं. पिशवीमुळे आपल्याच नाल्याचं आणि गाईच्या पोटाचं नुकसान होतं, ते काय कमी आहे? पण तुमच्या प्रकल्पात तिला मुख्य जागा देऊ नका.

न अडकणारी गोष्ट म्हणजे पाण्यात विरघळलेला नायट्रोजन. मैल्यातला अमोनिया, भंडाऱ्याच्या धानाला आणि वर्ध्याकडच्या कपाशीला घातलेल्या युरियातलं नायट्रेट. भिंत पाणी अडवते, पण तिचे दरवाजे उघडले की विरघळलेलं सगळं पाण्याबरोबर निघतं. वाटेत त्यातला बराच भाग शेवाळ आणि जलपर्णी खातात. गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्णीचे जे हिरवे गालिचे दिसतात, ते आपल्या संडास-मोऱ्यांवर पोसलेले आहेत. डोंगा घेऊन जाळं टाकणाऱ्या ढिवर बांधवांना ते रोज हातानं बाजूला सारावे लागतात. काही नायट्रोजन गाळातले जीवाणू वायूच्या रूपात परत हवेत सोडतात. उरतो तो खाली जातो.

तो तिथे काय करतो, हे समजायला बंगालचा उपसागर थोडा समजून घ्यावा लागेल. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी इतकं गोडं पाणी त्यात ओततात की वरचा थर हलका होऊन खालच्या खाऱ्या पाण्यावर झाकणासारखा बसतो. दोन्ही थर नीट मिसळत नाहीत. वरची हवा खाली जात नाही आणि खाली बुडणारं मेलेलं शेवाळ कुजताना आहे तो प्राणवायूही संपवतं. 2016 साली शास्त्रज्ञांनी तिथल्या अशा एका पट्ट्याची मोजणी प्रसिद्ध केली. सुमारे 60,000 चौरस किलोमीटरचा हा पट्टा 100 ते 400 मीटर खोलीवर आहे आणि त्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. 'जवळजवळ' हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. तिथे प्राणवायूचा जो किंचित अंश शिल्लक आहे, त्यानेच जीवाणूंची एक मोठी साखळी रोखून धरली आहे. तो अंशही गेला तर ते जीवाणू समुद्रातला नायट्रोजन मोठ्या प्रमाणावर काढून टाकू लागतील आणि अख्ख्या उपसागराचं अन्नचक्र बदलेल. हा पट्टा माणसाने तयार केला असं लिहू नका, तो मुख्यतः नैसर्गिक आहे. पण कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्याला ढकलायला फार जोर लागत नाही. आपण वरून पाठवतो ते खत आणि तापत चाललेलं पाणी, दोन्ही त्याच दिशेने ढकलतात.

दूरच्या माणसाचा हात किती लांब पोहोचतो, हे अमेरिकेत पाहा. आयोवाचा मका पिकवणारा शेतकरी समुद्रापासून आपल्याहूनही दूर. त्याचं खत मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं आणि तिथे दर उन्हाळ्यात तळाचं पाणी प्राणवायूविना पडतं. 2017 मध्ये तो मृत पट्टा 22,000 चौरस किलोमीटरच्या वर गेला होता.

आपण समुद्राकडे नको ते पाठवतो आणि त्याला हवं ते अडवतो. हवा असतो तो गाळ. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 साली झाली. तेव्हापासून आणि त्याआधीपासून गोदावरीच्या खोऱ्यात लहानमोठी असंख्य धरणं उभी राहिली. 1970च्या दशकात गोदावरी समुद्रात जेवढा गाळ नेत होती, त्याच्या निम्म्याहून कमी 1990च्या दशकात पोहोचू लागला. त्रिभुज प्रदेश हा गाळाचाच बनलेला, त्याला नवी भर मिळाली नाही की लाटा जमीन खातात. काकिनाड्याजवळच्या उप्पाडा गावात घरं आणि रस्ते समुद्रात गेलेत. धरणं नकोत असं मी म्हणत नाही, माझ्या मावसभावाचं शेत त्याच पाण्यावर भिजतं. पण हा हिशेब आपल्याकडे कोणी मांडतच नाही.

कोळशाचंही थोडक्यात लिहा. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड नदीची वाट धरत नाही. माणूस हवेत सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा जगभरचे समुद्र शोषतात आणि त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागाचा सामू (pH) औद्योगिक क्रांतीपासून सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला आहे. आकडा लहान वाटतो, पण सामू लॉगच्या मापात असतो, म्हणजे आम्लता पाव पटीहून जास्त वाढली. शिंपले आणि प्रवाळ यांना कवच बांधणं त्यामुळे अवघड होतं. एक चांगली गोष्टही लिहा. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं जातं. तेवढं पाणी नागेत जात नाही आणि तेवढं गोडं पाणी धरणात वाचतं. आपल्याला हे जमतं, मग उरलेल्या सांडपाण्यासाठी का जमू नये, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवत आपण 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळी पीडा गावाबाहेर नेतो. मला ती मिरवणूक लहानपणापासून प्रिय आहे. पण सांडपाण्याच्या बाबतीत गावाबाहेर असं काही नसतं. आपल्या गावाबाहेर पवनी आहे, तिथे माझी मावशी आहे.

म्हणून माझं ऐका, प्रकल्पासाठी मुंबईला जाऊ नका. पाण्यातला प्राणवायू तपासायच्या विंकलरच्या बाटल्या, मॅंगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घ्या. अंबाझरीच्या खाली, अशोक चौक, पारडी आणि आंभोरा अशा चार ठिकाणी सकाळी एकाच वेळी पाणी भरा, त्यासाठी चार मित्र लागतील. दोन्ही रसायनं टाकली की पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो आणि नसेल तर पांढराच राहतो. मी विद्यार्थ्यांना घेऊन मे महिन्यात गेलो होतो, तेव्हा पारडीची बाटली दुधासारखी पांढरी राहिली. आंभोऱ्याची फिकट तपकिरी झाली. नदीने मधल्या वाटेवर स्वतःला जेवढं सावरलं, तेवढाच तो रंग होता.