आधी हलव, मग बदल

अगं, रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा फोटो सकाळी बघितला, आणि त्याखालचा तो भलामोठा मेसेजही. तीन मॉडेलची नावं, चार ग्राफचे स्क्रीनशॉट आणि शेवटी "काका, हे स्पीकर परत करून मोठ्या वूफरवाले घेऊ का? परत द्यायला नऊच दिवस उरलेत." ग्राफ मी बघितलेच नाहीत, खरं सांगतो. फोटो मोठा करून बघत बसलो. डावा स्पीकर कोपऱ्यात, कपाटाला चिकटलेला. उजवा टेबलाच्या काठावर, त्याच्या शेजारी उघडं दार. दोघांच्या मागे भिंत, मधे बोटभर जागा, आणि तुझ्या स्पीकरचा पोर्ट, म्हणजे खालचे सूर बाहेर सोडणारं भोक, तर मागच्या बाजूला आहे. आणि तू लिहितेस की बेस फुगलाय, गायिका डब्यात बसून गातेय, आवाज मधोमध न येता डावीकडे ओढल्यासारखा वाटतोय. आता यात त्या स्पीकरचा काय दोष गं? त्याला धड बोलू तरी दिलंस का तू?

आधी हलव, मग बदल. हे मी या पत्रात इतक्यांदा म्हणणार आहे की तुला वैताग येईल, येऊ दे.

डाव्या स्पीकरचं आधी बघू. खालचे सूर वूफरमधून, म्हणजे स्पीकरच्या मोठ्या पडद्यातून, फक्त पुढे जात नाहीत, ते चहूबाजूंना पसरतात. मागे भिंत असली की तिच्यावरून परतून पुढच्यात मिसळतात आणि खालचा आवाज 6 डेसिबलपर्यंत वाढू शकतो, कोपऱ्यात दोन भिंती आल्या की त्याहूनही जास्त. तुझा डावा कोपऱ्यात आणि उजव्याच्या बाजूला उघडं दार, म्हणजे तू एकाच नावाचे दोन वेगवेगळे स्पीकर ऐकते आहेस. गायिका मधे उभी राहणार कशी? दोघांनाही सारखी जागा दे, एवढंच. आणि मागच्या भिंतीपासूनचं अंतर आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर सारखं ठेवू नकोस, नाहीतर दोन्ही भिंतींचा गोंधळ एकाच सुरावर जमा होतो.

टेबलावरच ठेवायचे असतील तर निदान काठाशी पुढे आण आणि खाली जाडजूड वह्या घालून इतके उंच कर की ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या रेषेत येईल. टेबलाचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो, त्यावरून उसळलेला आवाज थोडा उशिरा कानात शिरतो आणि गळा जाड, बसल्यासारखा लागतो. तुझा डबा तोच आहे. तरी बेस फुगलेलाच राहिला तर एक मोजा गुंडाळून मागच्या पोर्टमध्ये घाल. हसू नकोस, काही कंपन्या यासाठी फोमचा बोळा स्पीकरसोबतच देतात, मोजाही तेच काम करतो.

आणि हो, वायरी तपास. लाल लालला, काळी काळीला, दोन्ही टोकांना, दोन्ही स्पीकरना. एका बाजूला उलटी लागली असेल तर एका वूफरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज कुठून येतोय तेच समजत नाही. मी असा आठ महिने ऐकलाय. आठ महिने! वर लोकांना सांगत होतो की बघा, माझ्या स्पीकरचा आवाज कसा खोलीभर पसरतो. अँप्लिफायर (अँप) मोनोवर टाक, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येईल, आणि कुणी नुसतं बोलतंय असं काहीतरी लाव, बोलणारा दोन स्पीकरच्या बरोब्बर मधे, हवेत उभा दिसला पाहिजे. दिसला नाही तर पुढचं काही वाचूच नकोस, आधी वायरी.

आता माझं ऐक. मी आजवर सात जोड्या घेतल्या, त्यातली दुसरी मी विकली त्याची बोच अजून आहे. छोटी होती, पोर्ट नसलेली, बंद डब्याची. तिच्यावर तंबोरा लावला की जवारी अशी सुटायची की तार मोजून घ्यावी, गाणाऱ्याने शब्दाआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा. पण तबल्याचा डग्गा नुसता टपटप वाजायचा, त्यात घुमारा नव्हता. मी म्हटलं, छोटा डबा, खाली काही नाही यात, मोठे हवेत. विकली. मोठी आणली, तिच्यातही डग्गा टपटपच. मग अँप बदलला, वायरी बदलल्या, आणखी एक जोडी आणली, आणि दर वेळी पहिले पंधरा दिवस मी स्वतःला पटवायचो की आता आलाय, आता घुमतोय. पाचव्या जोडीच्या वेळी खोली आवरताना गाणं चालू होतं आणि खुर्ची मागे ढकलून मी दमून तिथेच टेकलो, मागच्या भिंतीपासून हातभर. तर डग्गा आला. असा आला की मी दचकलो.

खुर्ची इतकी वर्षं खोलीच्या बरोब्बर मध्यावर होती. माझी खोली साधारण साडेतीन मीटर लांब. आवाज हवेत सेकंदाला 343 मीटरच्या आसपास जातो, म्हणजे 50 हर्ट्झच्या सुराची एक लाट जवळजवळ सात मीटरची, तिची अर्धी लाट अशा खोलीत भिंत ते भिंत चपखल बसते. भिंतींपाशी दाब सगळ्यात जास्त आणि मध्यावर जवळजवळ शून्य. मी त्या शून्यात बसून एकामागून एक स्पीकरना नापास करत होतो. ज्याला ती दुसरी जोडी दिली त्याच्याकडे ती अजून आहे, जाणं होतं तेव्हा ऐकतो आणि गप्प परत येतो.

म्हणून म्हणतो, आधी हलव. स्पीकर हलव, खुर्ची हलव, हलवायचे तर पैसे पडत नाहीत. फोनवरून 50 हर्ट्झचा एकच सूर हळू आवाजात स्पीकरवर लाव आणि खोलीत चाल. दोन पावलांवर तो गायब होईल, आणखी दोन पावलांवर अंगावर येईल. हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलंस की त्या चार ग्राफकडे तुझं तुलाच हसू येईल. ग्राफ खोटे नसतात, त्यांत तुझी खोली नसते एवढंच. आणि अंतर बदलताना मोजून बदल. वूफर मागच्या भिंतीपासून 86 सेंटीमीटरवर असला तर परतीची लाट पावणेदोन मीटरच्या आसपास जास्त फिरून येते, 100 हर्ट्झच्या लाटेची ती नेमकी अर्धी लांबी, म्हणजे तिथे आवाजाला खड्डा पडतो. पुढेमागे सरकवलं की खड्डा दुसऱ्या सुरावर सरकतो. तो कुठे कमी खुपतो ते शोधणं, झालं, बाकी काही जादू नाही यात.

छोटा डबा म्हणजे तडजोड, हे मात्र मान्य करून चाल. डबा छोटा हवा, खालचे सूर खोल हवेत आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज हवा, या तिन्हींपैकी दोनच मिळतात, हे गणित कुणाला चुकलेलं नाही. 1970 च्या दशकात बीबीसीच्या इंजिनियर लोकांनी बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस 3/5ए नावाचा स्पीकर बनवला, गाडीत जागाच नव्हती म्हणून जेमतेम 30 सेंटीमीटर उंचीचा. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक वॉटमध्ये निघणारा आवाज, 83 डेसिबलच्या आसपास, म्हणजे मंदच, खाली फार जात नाही, आणि तरी लोक तो अजून जपून ठेवतात कारण माणसाचा गळा त्यातून माणसासारखा येतो. त्यांनी काय सोडायचं ते आधी ठरवलं होतं. तू काय सोडणार आहेस ते ठरवलंस का? तुझ्या मेसेजमध्ये सगळंच हवंय.

जास्त वॉटचा अँप घेऊ का विचारलंस, त्याचं पटकन सांगतो. आवाज 3 डेसिबलने वाढवायला दुप्पट वॉट लागतात, 10 डेसिबलला दहापट. तू स्पीकरपासून दीड मीटरवर बसतेस, तुझं बहुतेक ऐकणं दोनचार वॉटमध्येच उरकतंय. 40 चे 60 वॉट करून कानाला काही कळणार नाही.

दुकानातल्या तुलनेबद्दलही तेच. तिथे "दुसरा जास्त मोकळा वाटला" म्हणतेस, तो जरा मोठ्याने वाजत असेल. मंद आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मनसन या शास्त्रज्ञांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलंय, त्यामुळे एकच गाणं किंचित मोठ्याने लावलं की जास्त भरलेलं वाटतं. आणि डोळ्यांचं तर बोलायलाच नको. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या स्पीकरवर संशोधन करणाऱ्यांनी 1994 मध्ये तेच स्पीकर तेच लोक घेऊन एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले, समोर दिसल्यावर मतं बदलली. यात कानाची सवय असलेली माणसंही होती बरं का. मोठा वूफर डोळ्यांनाच जास्त ऐकू येतो.

घरात माझी टिंगल होते की सात जोड्या बदललेला माणूस दुसऱ्याला बदलू नकोस सांगतोय. सांगणारच. बदलून बघितल्याशिवाय मला कळलं असतं का, असं मी म्हणतो, पण मनातून माहितीय की कळलं असतं, खुर्ची चार वेळा सरकवली असती तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. आता फरशीवर मास्किंग टेपच्या खुणा आहेत, पाहुणे विचारतात हे काय, मी सांगतो हे स्पीकरचं घर. त्या टेपवरून वाद झालेत, स्टँड खोलीच्या मधे येतात म्हणून वाद झालेत, आणि मी हटलो नाही, याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. अर्धा इंच सरकला तरी मला कळतं अशी माझी ख्याती आहे. परवा झाडताना कुणीतरी उजवा चांगला दोन इंच सरकवला आणि मला चार दिवस पत्ता नव्हता, ते सोड.

तर नऊ दिवस आहेत ना, पुष्कळ झाले. दुसरी जोडी नेटवर बघणं बंद. पाठ असलेली तीनच गाणी घे, एकात नुसता गळा, एकात तबला किंवा डबल बेस, एकात खूप वाद्यांची गर्दी. रोज एकच गोष्ट बदल, एकच, आणि वहीत लिही. पहिल्या दिवशी डावा कोपऱ्यातून काढ. दुसऱ्या दिवशी उंची. तिसऱ्या दिवशी दोन स्पीकर आणि तुझं डोकं यांचा त्रिकोण समभुज कर, मग स्पीकर थोडे आतल्या बाजूला वळवून बघ, गळा टोकदार झाला तर परत जरा सरळ कर. नंतर एका दिवशी पडदा लाव, आणखी एका दिवशी जमिनीवर काहीतरी जाड अंथर, परत ऐक. एका दिवशी चार गोष्टी बदलशील आणि मग कशाने काय झालं विचारायला मला फोन करशील, तर मी उचलणार नाही.

नवव्या दिवशीही नाही आवडले तर खुशाल परत कर, मला वाईट वाटणार नाही. पण तेव्हा तुला सांगता आलं पाहिजे की नेमकं काय आवडलं नाही, "मजा येत नाही" हे कारण मी धरणार नाही.

आज संध्याकाळी टेप घेऊन बस. डावा स्पीकर कपाटापासून किती सेंटीमीटर, उजवा दारापासून किती, आणि बसल्यावर तुझा कान जमिनीपासून किती उंच, हे तीन आकडे पाठव. आणि ते दार बंद करून ऐक आधी.