सुपरमार्केट की जवळचं दुकान? आधी किलोचा दर काढा

रोजचं किराणा सामान साखळी सुपरमार्केटमधून आणावं की घराजवळच्या दुकानातून, स्वस्त नक्की कुठे पडतं, असं तुम्ही विचारलंय. सगळं एकाच ठिकाणाहून आणायचं ठरवलं की कुठे ना कुठे जास्त पैसे जातातच. त्यामुळे मी जिन्नसागणिक दुकान ठरवायला सांगेन.

घरात पुन्हापुन्हा लागणारे पंधरा-वीस जिन्नस कागदावर काढा. प्रत्येकापुढे महिन्याचा खप आणि दोन्हीकडचा किलोचा किंवा लिटरचा दर लिहा. पाकिटाची किंमत लिहू नका, बहुतेकांची गफलत तिथेच होते. पाकिटं दिसायला सारखी, पण एकात १ किलो आणि दुसऱ्यात ९०० ग्रॅम. किंमत तीच असेल तर दुसरं किलोमागे ११ टक्के महाग पडतं. तेल त्याहून फसवं. १ लिटर तेल वजनाला साधारण ९१० ते ९२० ग्रॅमच भरतं, म्हणून एकीकडे लिटरचा आणि दुसरीकडे किलोचा दर असेल तर आधी लिटरच्या दराला ०.९१ ने भागा आणि मग ताडून बघा.

ऑफरचे दर या कागदावर नकोत. मोजक्या जिन्नसांवर नफा सोडून गिऱ्हाईक आत आणायचं आणि उरलेल्या सामानावर तो वसूल करायचा, हा जुना हिशेब आहे. ‘दोनावर एक फुकट’ ही ३३ टक्के सूट झाली, ५० नव्हे. ‘५० टक्के जादा माल’ म्हणजेही तेवढीच. तिसरं पाकीट वापरण्याआधी खराब झालं तर सूट शून्य. मोठ्या पिशवीचंही तेच: १० टक्के स्वस्त मिळाली आणि १० टक्के माल टाकावा लागला की फायदा संपला.

साबण, डिटर्जंट, साखर, तेल असं सीलबंद, टिकणारं आणि ठराविक खपाचं सामान महिन्यातून एकदा सुपरमार्केटमधून आणावं. फक्त जाण्यायेण्याचा खर्च आणि यादीबाहेर उचललेल्या वस्तू बिलात धरा. बऱ्याचदा वाचलेले पैसे त्यातच जातात!

नाशवंत, थोडंच लागणारं आणि मध्येच संपणारं जवळून घ्या. ५० ग्रॅम हवं असताना २०० ग्रॅमचं पाकीट घ्यावं लागत नाही, हा छोट्या दुकानाचा खरा फायदा. पण सुटं घेताना काट्याकडे बघा. माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर हवा, आणि पिशवी किंवा भांड्याचं वजन वजा झालेलं हवं. ५ ग्रॅमची चूक २ किलोत पाव टक्का असते, ५० ग्रॅममध्ये तीच १० टक्के होते. म्हणजे काटा तपासायचा तो महागड्या, थोड्या मालाच्या वेळी.

ताजेपणा दुकानाच्या आकारावर नाही, खपावर ठरतो. छोट्या दुकानात रोज उठणारा माल ताजा असतो, क्वचित विकला जाणारा महिनोन्महिने पडून राहू शकतो. त्याची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. सुपरमार्केटमध्ये जुना माल पुढे आणि नवा मागे लावतात, तेव्हा हात मागे घाला.

गोठवलेल्या पदार्थांबाबत मात्र मी कडक आहे. मटारचं पाकीट हलवून बघा, दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. एकच गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचे जाड खडे दिसत असतील तर ते मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलंय. रात्री फ्रीझर बंद ठेवणाऱ्या दुकानात हे हमखास आढळतं. फ्रीझर उणे १८ अंशांवर आणि दूध-दह्याचा फ्रिज ४ ते ५ अंशांच्या आसपास हवा. थंड सामान सगळ्यात शेवटी उचला आणि दोन तासांच्या आत घरच्या फ्रिजमध्ये टाका. कडक उन्हाळ्यात तासाभरातच.

आणि बिल दाराबाहेर पडण्याआधी वाचा. ऑफर संपली तरी शेल्फवरची चिठ्ठी तशीच राहते, संगणकात मात्र नवा दर चढलेला असतो. चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर असला की काउंटरवर वाद घालावा लागत नाही.