व्ही४०४ सिग्नीपासून सुरुवात कर

कृष्णविवरांच्या जोड्यांचे भडके टिपायचे, तर एकदम दहा ताऱ्यांची यादी करू नकोस. हंस तारकासमूहातला व्ही४०४ सिग्नी घे. कृष्णविवर आणि त्याच्या सोबतचा तारा यांची ही जोडी १९३८, १९८९ आणि २०१५ मध्ये भडकली. एरवी १८व्या प्रतीच्या आसपास (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा मोठा तितका तारा अंधुक). जून २०१५ मध्ये मात्र २० सेंमीच्या दुर्बिणीतूनही दिसत होती. (आपल्याकडे नेमका पावसाळा. असो.)

मॅक्सी आणि स्विफ्ट उपग्रहावरचं बॅट ही अवकाशातून क्ष-किरण मोजणारी उपकरणं, दोन्हींचे आलेख रोज चहाबरोबर बघ. एकच बिंदू वर उडाला म्हणून ओरडू नकोस. मोजमापातली त्रुटी किती, सूर्य जवळ आहे का, दुसऱ्या उपकरणात वाढ आहे का ते तपास. अशा एका बिंदूपायी मी अख्खी रात्र जागलोय.

पण क्ष-किरणांवरच विसंबू नकोस. भडका बऱ्याचदा कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीच्या बाहेरच्या भागात सुरू होऊन आत सरकतो, म्हणून दृश्य प्रकाश आधी वाढू शकतो. मार्च २०१८ मध्ये मॅक्सी जे१८२०+०७० हा स्रोत मॅक्सीच्या काही दिवस आधी असासन या आकाश-पाहणीच्या जमिनीवरच्या दुर्बिणींनी दृश्य प्रकाशात टिपला होता. म्हणून तारा दिसला नाही, तरी कितव्या प्रतीपर्यंत दिसला नाही हे वेळेसकट लिहून ठेव. आणि वेळ यूटीसीमध्येच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत.