नऊ वर्षांच्या मुलाला गेमसाठी १५ हजारांच्या आत कुठला टॅब घ्यावा? गाव देवगड तालुक्यात, घरी वायफाय नाही.

ताई, रेडमी पॅड एसई की पाच हजारांतला ‘किड्स टॅब’, यातला कुठला घेऊ असं तुम्ही विचारलंत, पण लेक कुठले गेम खेळतो ते लिहिलं नाहीत. टॅब ठरतो तो तिथून. मी कणकवलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. टॅब विकत नाही. लोक दुसरीकडून घेतात आणि बिघडला की माझ्याकडे आणतात. तेव्हा माझं मत त्या बाजूचं आहे हे धरूनच वाचा.

पोराला जवळ बसवा आणि त्याच्या आवडीचे तीन-चार गेम कागदावर लिहून घ्या. हिल क्लाइंब रेसिंग, सबवे सर्फर्स, लुडो किंग, वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप अशी नावं निघाली तर काळजी नाही. बऱ्यापैकी कुठल्याही टॅबवर चालतात आणि एकट्याने खेळायचं असेल तर नेटही फारसं लागत नाही. माइनक्राफ्ट निघालं तर एकदा विकत घ्यावं लागतं, मग नेटशिवाय चालतं. पण पोरगं त्यात मोठं गाव बांधायला लागलं की मरतुकडा प्रोसेसर (टॅबचा मेंदू) धापा टाकतो. फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय, रोब्लॉक्स निघालं तर ते नेटशिवाय उघडूनही उपयोग नाही.

बीजीएमआयचं थोडं वेगळं सांगतो. २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी हा गेम खास भारतासाठी निघाला, तेव्हाच अठरा वर्षांखालच्यांना पालकांची संमती आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली होती. चौथीतल्या पोरासाठी बंदुकीच्या गेमच्या हिशोबाने टॅब घेऊ नये असं माझं मत. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. पण तो गेम नीट चालायला जो टॅब लागतो तो तुमच्या बजेटच्या वर जातो, हेही तितकंच खरं.

आता नेट. तुमच्या भागात रेंज कशी असते ते मला सांगायला नको. घरात एक काडी, अंगणाच्या कोपऱ्यात दोन, आणि सड्यावर गेलं की फुल्ल. ऑनलाइन गेमला स्पीडपेक्षा पिंग महत्त्वाचा. पोराने बटण दाबल्यावर ते सर्व्हरपर्यंत पोचून परत यायला किती वेळ लागतो, तो हा पिंग. एका काडीवर तो इतका वाढतो की समोरचा गडी दिसतोय तोवर आपण मेलेलो असतो. तिथे १५ हजारांचा टॅब असो की ५० हजारांचा, पोरगं टॅबलाच शिव्या घालणार. ‘हँग होतो’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या टॅबपैकी बऱ्याच टॅबना काही झालेलं नसतं. माझ्या दुकानातल्या वायफायवर तोच गेम मख्खन चालतो.

म्हणून सिमवाला टॅब घेऊ नका, नुसता वायफायवाला घ्या. सिमच्या मॉडेलला जास्त मोजावे लागणारे पैसे वाचवा आणि ते चांगल्या प्रोसेसरकडे वळवा. शिवाय टॅबला नेट मिस्टरांच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून दिलं की नेटची किल्ली तुमच्याकडे राहते. मोबाईल बाहेर गेला की ऑनलाइन गेम बंद, भांडण नाही. नेट बंद असताना बहुतेक गेममधल्या जाहिरातीही येत नाहीत, हा वरचा फायदा.

एक काम मात्र पहिल्याच दिवशी करा: प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲप्सचं ऑटो-अपडेट बंद करा. हॉटस्पॉट म्हणजेही टॅबच्या लेखी वायफायच. एखाद्या मोठ्या गेमचं अपडेट आलं की मिस्टरांचा दिवसाचा दीड जीबी सकाळी नऊला संपतो आणि त्यांना कळत नाही गेला कुठे. अपडेट करायचे तेव्हा ज्यांच्या घरी फायबरचं नेट आहे अशा पाहुण्यांकडे टॅब न्यावा.

आता टॅबमध्ये बघायचं काय? खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेलं असतं रॅम, म्हणजे चालू गेमला लागणारी तात्पुरती जागा, आणि फसवणूकही तिथेच. ‘१२ जीबी रॅम’ म्हणतात आणि खाली बारीक अक्षरात ४ + ८ असतं. खरी रॅम ४, बाकीची स्टोरेजमधून उसनी घेतलेली. पडवीत चटई अंथरली म्हणून घरात खोली वाढत नाही. खरी ४ जीबी ही खालची मर्यादा धरा, ६ मिळाली तर उत्तम. स्टोरेज १२८ जीबी बघा. ६४ मध्ये सिस्टीमच बराच भाग खाते आणि मोठे गेम काही काही जीबीचे असतात. मेमरी कार्ड टाकू म्हणाल, तर कार्डावर फोटो-व्हिडिओ ठेवता येतात, पण मोठे गेम बहुधा तिथे जात नाहीत.

गेमसाठी खरी बघायची गोष्ट प्रोसेसर. तुमच्या बजेटमध्ये हेलिओ जी९९ मिळाला तर डोळे मिटून घ्या. २०२२ चा आहे, पण ६ नॅनोमीटरच्या बारीक बांधणीचा असल्यामुळे फार तापत नाही आणि पोरांचे बहुतेक गेम आरामात खेचतो. हेलिओ जी८५ आणि युनिसॉक टी६०६ हे त्याच्या खालचे. साध्या गेमला चालतील. स्नॅपड्रॅगन हे नाव ऐकून भुलू नका. स्नॅपड्रॅगन ६८० व्हिडिओ बघायला आणि बॅटरी टिकवायला छान, पण गेममध्ये जी९९ त्याच्या पुढे आहे. आणि ९० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा चित्र बदलणारा स्क्रीन म्हणून जे सांगतात, ते सेटिंगची पानं सरकवताना गुळगुळीत दिसतं, बाकी प्रोसेसरने तेवढी चित्रंच काढली नाहीत तर स्क्रीन काय करणार?

नावं हवीच असतील तर सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ आणि त्याच्यानंतरचा ए११, दोन्ही ८.७ इंची, दोन्हींत जी९९. ए९ चं वजन साधारण ३३० ग्रॅम, म्हणजे नऊ वर्षांच्या हातात मावतो आणि दोन अंगठ्यांनी खेळता येतं. दुसरा रेडमी पॅड २, ११ इंची, हेलिओ जी१०० अल्ट्रा, बॅटरी ९००० एमएएच. तुम्ही विचारलेल्यांपैकी रेडमी पॅड एसई हा ६८० वाला. स्क्रीन मोठा, चार स्पीकर, ८००० एमएएच बॅटरी, पण वजन जवळजवळ अर्धा किलो, आणि चार्जिंग १० वॅटचं. रात्री लावला तर सकाळी भरेल असं समजा. तुमचा दुसरा, तो पाच हजारांतला ‘किड्स टॅब’, विसरा. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेजवर पोरगं दोन महिन्यांत परत तुमचा मोबाईल मागणार.

छोटा की मोठा? नुसतं हातात धरून खेळायचं असेल तर ८.७ इंची. पण बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती वाचायला आणि पुढे वरच्या वर्गात वापरायला ११ इंची बरा, स्टँडवर ठेवून. मी असतो तर छोटा घेतला असता. अभ्यासाच्या नावाने घेतलेल्या मोठ्या टॅबवर काय चालतं ते मी रोज बघतो. (गाडीचे गेम टॅब तिरपा करून खेळायला साधा सेन्सर पुरतो. बंदुकीच्या गेममध्ये टॅब हलवून नेम धरायला जायरोस्कोप लागतो आणि तो स्वस्तातल्या पुष्कळ टॅबमध्ये नसतो. पोराला हवा असेल तर आधी खात्री करा.)

यापुढचं तुम्हाला कुठल्या यूट्यूबवाल्याने सांगितलं नसेल. आपल्याकडे टॅब गेमने मरत नाही, हवेने आणि लाइटने मरतो. मे महिन्यात मालवणकडचे एक काका टॅब घेऊन आले. “दादानू, ह्येका काय झाला बघा. चार्ज होणाच नाय.” भिंगाखाली चार्जिंगचा पोर्ट धरला तर पिनांवर हिरवट थर चढलेला, मध्ये वाळूचे दोन कण, आणि एका बाजूला काहीतरी चिकट, पिवळं, वाळलेलं. नातू आंबा खाता खाता किनाऱ्यावर बसून खेळत होता. खारी हवा, ओल आणि चार्जिंगची वीज एकत्र आली की पिना गंजणारच. थर ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाला, तो टॅब वाचला. सगळे वाचत नाहीत.

तेव्हा हात धुऊन, पुसून मगच टॅब. पावसाळ्यात भिंतीला टेकून किंवा खिडकीत ठेवू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. टॅब भिजला तर तांदळात पुरू नका, तांदळाची पूड पोर्टात जाते. बंद करा, पुसा, चार्जिंगला न लावता दुरुस्तीला आणा.

लाइटचं तर विचारूच नका. मे-जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की चार्जर बोर्डावरून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गेलेली लाइट परत आली की लगेच लावायचं नाही, थोडा वेळ जाऊ द्या. येताना व्होल्टेज उड्या मारतं आणि मी बदललेल्या चार्जिंग आयसींपैकी (चार्जिंग सांभाळणाऱ्या चिप) किती त्यात गेल्या असतील कोण जाणे. चार्जर कंपनीचाच वापरा. काही खोक्यांत तो येतच नाही, तेव्हा घेताना विचारा आणि त्याचे पैसे बजेटमध्ये धरा. २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्याकडची कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तसं रोज होत नाही, पण पावसात रात्र-रात्र लाइट जाते हे नेहमीचं, तेव्हा बॅटरी मोठी असेल ते बरं. छोट्या टॅबची हीच एक उणीव: ए९ ची बॅटरी ५१०० एमएएच आहे.

जाड रबरी कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास त्याच दिवशी लावा, उद्यावर टाकू नका. पडून डिस्प्ले फुटला तर नावाजलेल्या कंपनीचा मिळतो तरी, ऑनलाइनवर दिसणाऱ्या अनोळखी नावांचा मिळतच नाही. मी हात जोडून परत पाठवतो. कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी बघा. जिल्ह्यात निघालं तर ठीक, नाहीतर फोंडा घाट चढून कोल्हापूर, आणि त्या फेरीचा खर्च स्वस्त टॅबच्या बचतीतून वजा करा.

खेळायला किती द्यायचं हा घरचा प्रश्न. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या मार्गदर्शनाप्रमाणे ५ ते १० वर्षांच्या मुलांना सगळे स्क्रीन मिळून दिवसाला २ तासांच्या आत. त्यात टीव्हीही आला. टॅबवर पोराचं स्वतःचं खातं गूगलच्या फॅमिली लिंकमधून उघडा. तुमच्या मोबाईलवरून रोजची वेळ ठरवता येते, रात्री टॅब आपोआप बंद होतो, आणि नवीन गेम टाकायला तुमची परवानगी लागते. तुमचं खातं टॅबवर टाकून दिलंत तर हे काही चालणार नाही. त्या टॅबवर कार्ड किंवा यूपीआय जोडू नका. गेममधले हिरे, रोबक्स, नवीन कपडे यांची खरेदी एका टिचकीची असते आणि ते खरे पैसे आहेत हे नऊ वर्षांच्या मुलाला खरंच कळत नाही.

घ्यायचा कुठे? दसरा-दिवाळीला ऑनलाइन भाव उतरतात, थांबता येत असेल तर थांबा. पण तुमच्या गावात कुरिअर येतं का आणि परत न्यायला येतं का, ते दोन्ही विचारा. आणून देणारे असतात, परत न्यायला टाळाटाळ होते. फरक हजार-पाचशेचा असेल तर दुकानातून घ्या आणि तिथेच सुरू करून बघा. सेटिंगमध्ये खरी रॅम, स्टोरेज, अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली प्ले प्रोटेक्ट सर्टिफाइड (गूगलने मान्य केलेला टॅब) लिहिलंय ना, तेही बघा, तिथे तसं नसेल तर टॅब ठेवून बाहेर या. वायफायवाल्या टॅबला मोबाईलसारखा आयएमईआय (ओळख क्रमांक) नसतो, म्हणून बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबरशी दुकानातच ताडून पाहा, वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.