नवरा म्हणतो 'कॅमेऱ्यात दिसलीस', तर फुटेज पुसलं जायच्या आत अर्ज कर

अगं, तुझी पोस्ट वाचून जीव गलबलला. लंडनमध्ये डिपेंडंट व्हिसावर (म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून), नवरा मॉलच्या सिक्युरिटीत, आणि रात्री जेवताना म्हणतो 'दुपारी दुकानाबाहेर कोणाशी बोलत होतीस, कॅमेऱ्यात पाहिलं'. माझ्याकडे हेच चालायचं.

आधी एक. प्रत्येक वेळी कॅमेराच असतो असं नाही. रस्त्यावरचे कौन्सिलचे (तिथल्या पालिकेचे) कॅमेरे घरबसल्या कोणाला दिसत नाहीत, आणि ट्रॅफिकच्या ज्या क्लिप्स वेबसाईटवर असतात त्यात चेहरा कळत नाही. माझ्या बाबतीत निम्मी माहिती गुगल मॅप्सच्या लोकेशन शेअरिंगमधून जायची आणि दुकानाचं नाव जॉइंट अकाउंटच्या नोटिफिकेशनमधून. पण हे लगेच बंद करू नकोस हं, त्याला कळेल आणि राग तुझ्यावर निघेल, आधी कोणाशी तरी बोल.

पण कपड्याचा रंग, कोणाशी बोललीस हे सांगत असेल तर तो कामावरचे स्क्रीन वापरत असण्याची शक्यता आहे. फुटेज ज्या कंपनीच्या ताब्यात आहे तिच्या परवानगीशिवाय असा डेटा काढणं २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात गुन्हा आहे, आणि जोडीदारावर असा सतत ताबा ठेवणं इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक ऑफिस. मी फुटेज मागायला गेले तर म्हणे पोलिसांकडून तक्रारीचा नंबर आणा, पोलीस म्हणाले आधी पुरावा आणा, परत गेले तर काउंटरवरची बाई म्हणते, नवऱ्याला काळजी असेल तुमची! हे हेलपाटे होईपर्यंत फुटेज पुसलं गेलं, कारण बऱ्याच ठिकाणी ते महिनाभरच ठेवतात. अजून आठवलं की संताप होतो, लेखी काही दिलं नाही म्हणून तक्रारसुद्धा नीट करता येईना. म्हणून तू तोंडी विचारूच नकोस. ईमेल कर, तारीख, वेळ, जागा, अंगावरचे कपडे लिही, 'माझं फुटेज द्या, तोवर पुसू नका, आणि ते कोणी कोणी पाहिलं याची चौकशी करा' असं स्पष्ट लिही. ही मागणी फुकट असते, साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. पण नवऱ्याच्याच कंपनीला लिहायचं असेल तर त्याच्या कानावर जाऊ शकतं, तेव्हा आधी घरगुती छळाच्या हेल्पलाईनला (नंबर शेवटी दिलाय) विचार, आणि ईमेल नवीन अकाउंटवरून, लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून.

व्हिसाची भीती घालत असेल तर ऐक, २०२४ पासून वर्क आणि स्टुडंट व्हिसावाल्यांच्या जोडीदारांनाही, छळामुळे नातं तुटलं असेल तर, सरकारी मदतीसह देशात राहायची ३ महिन्यांची वेगळी परवानगी मागता येते. पण त्याने आत्ताचा व्हिसा जातो, मी वकील नाही, सल्ला घेतल्याशिवाय फॉर्म भरू नकोस. घरच्यांचं 'जुळवून घे' मात्र अजिबात ऐकू नकोस.

हेल्पलाईन ०८०८ २००० २४७, चोवीस तास, फुकट, दुभाषा मागता येतो. तो ड्युटीवर गेला की मैत्रिणीच्या फोनवरून कर, तुझ्या कॉल हिस्टरीत नंबर राहायला नको.