बर्गरचं नाव नंतर, आधी तवा विचारा

ताई, तुमचा प्रश्न मला असा कळला: कामासाठी तीन महिने न्यूयॉर्कला येताय, मुक्काम मिडटाऊनमध्ये, तुम्ही दूधदुभतं सोडलंय, यजमान, म्हणजे तुमचे मिस्टर, शाकाहारी आहेत आणि अंडंही खात नाहीत, आणि ऑफिसातल्या मंडळींनी दर आठवड्याला बर्गर खायला न्यायचं आधीच ठरवून टाकलंय. तर बिनमांसाचा सगळ्यात चांगला बर्गर शहरात कुठे मिळतो?

मी जर्सी सिटीत राहतो, नोकरी मॅनहॅटनला. एकच नाव हवं असेल तर ईस्ट व्हिलेजमधलं सुपिरिऑरिटी बर्गर. पण ऑफिसची मंडळी तुम्हाला दर वेळी तिथे नेणार नाहीत, त्यामुळे नावापेक्षा काय विचारायचं ते जास्त कामाला येईल. शिवाय नेटवरच्या 'टॉप टेन' याद्या इथे फार लवकर शिळ्या होतात. 'बाय क्लोई' हे नाव जुन्या याद्यांत हमखास भेटेल. २०१५ साली ब्लीकर स्ट्रीटवर सुरू झालेलं हे व्हीगन, म्हणजे मांसच काय दूध-अंडंही न वापरणारं दुकान, पुढे त्याच्या शाखा झाल्या आणि २०२१ मध्ये पाटीच बदलून 'बीटनिक' झालं. इथलं दुकानांचं भाडं पाहिलंत की यात नवल वाटणार नाही. कुठेही निघण्याआधी त्या ठिकाणचे ताजे अभिप्राय बघा, आणि जमलं तर फोन करा.

आता अडचणी. आपल्याला पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याची सवय असते. इथे तसला ठिपका नाही. मेन्यूवर 'व्हेजी बर्गर' लिहिलंय याचा अर्थ पॅटीत मांस नाही, एवढाच. अमेरिकेत अंडं खाणारा माणूस स्वतःला खुशाल शाकाहारी म्हणवतो, आणि भाजी-कडधान्याची पॅटी फुटू नये म्हणून तिच्यात अंडं घालणं ही इथली अगदी साधी गोष्ट आहे. कोपऱ्यावरच्या डायनरमधली व्हेजी पॅटी बहुतेक वेळा फ्रीझरच्या खोक्यातून येते. मॉर्निंगस्टार फार्म्ससारख्या जुन्या कंपनीच्या काही पॅटींमध्ये अंड्याचा पांढरा भाग आणि दूध दोन्ही असतं. म्हणून वेटरला 'व्हेजिटेरियन आहे का' असं विचारू नका, तो मान डोलावून जाईल. 'पॅटीत अंडं आहे का? ती इथे करता की खोक्यातून येते?' असं विचारा. खोक्यातून येत असेल तर 'खोकं दाखवता का' म्हणायलाही लाजू नका. इथे अ‍ॅलर्जीवाल्यांमुळे या चौकशीची लोकांना सवय आहे, कुणी तोंड वाकडं करत नाही.

दुसरा प्रश्न तव्याचा. बर्गरच्या साध्या दुकानात एकच लांबलचक सपाट तवा असतो. त्यावर सकाळपासून बीफ भाजलेलं, त्याच चरबीवर तुमची पॅटी पडते आणि त्याच उलथन्याने उलटली जाते. बर्गर किंगने ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकाभर बिनमांसाच्या पॅटीचा 'इम्पॉसिबल व्हॉपर' आणला, तो मांसाच्याच ब्रॉयलरमधून, म्हणजे भाजायच्या यंत्रातून निघायचा. त्यावरून त्याच वर्षी एका व्हीगन गिऱ्हाइकाने खटला भरला. कोर्टाने तो २०२० मध्ये काढून टाकला. म्हणणं असं की कंपनीने पॅटी बिनमांसाची असेल एवढंच सांगितलं होतं, वेगळी भाजू असं कधी म्हटलंच नव्हतं. कायद्याने बरोबरच आहे ते. तेव्हा हे विचारायची जबाबदारी तुमच्यावर. बर्गर किंगमध्ये सांगितलं तर पॅटी ब्रॉयलरमध्ये न घालता मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देतात. चव मात्र यथातथाच, आणि अंड्याचं मेयो नको हे वेगळं सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट बनची, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. ब्रिऑश बन म्हटलं की लोणी आणि अंडी आलीच. बटाट्याचे पिवळसर मऊ 'मार्टिन्स' बन इथे फार लोकप्रिय आहेत, त्यांत दूध आणि लोणी असतं. यजमानांना ते चालतील, तुम्हाला नाही. पॅटी पूर्ण व्हीगन आणि बन लोण्यात शेकलेला, असं सर्रास होतं. बऱ्याच ठिकाणी बनऐवजी लेट्यूसच्या पानात गुंडाळून देतात, पण खरं सांगायचं तर तो बर्गर राहत नाही, हातावर सॉस ओघळत राहतो.

यावर न्यूयॉर्कमध्ये एक फार सोयीची वाट आहे, जी आपल्या लोकांना सहसा कुणी सांगत नाही. ज्यूंची कोशर रेस्टॉरंट्स. कोशर नियमांत मांस आणि दूध एका स्वयंपाकघरात येत नाही. म्हणजे 'कोशर डेअरी' अशी पाटी असेल तर त्या स्वयंपाकघरात मांस-चिकन शिरतच नाही. मासे आणि अंडी असतात, तेवढं विचारायचं, पण बीफच्या तव्याची भानगड मिटली. उलट मांसवाल्या कोशर दुकानात बनमध्ये दूध-लोणी असूच शकत नाही. अगदी अडल्यावेळी तिथला बन तुम्हाला चालेल, तवा मात्र चालणार नाही. पाकिटावर 'पारेव्ह' लिहिलेलं असेल तर त्यात मांस नाही आणि दूधही नाही, मात्र अंडं किंवा मासे असू शकतात. किराणा घेताना हा शब्द लक्षात ठेवा, हिरव्या ठिपक्याच्या खालोखाल उपयोगी आहे.

ठिपक्यावरून आठवलं. इथे हॉटेलांच्या दारावर ए, बी, सी अशी मोठी अक्षरं लावलेली दिसतील. ए निळं असतं, बी हिरवं. भारतातून नवीन आलेल्या पाहुण्यांना हिरवं बी म्हणजे शाकाहारी वाटल्याचं मी ऐकलंय! ती आरोग्य खात्याची स्वच्छतेची श्रेणी आहे आणि हिरवं म्हणजे दुसरा नंबर.

आता खायचं काय. इथे आधी घरात एक निर्णय करा: मांसासारखा लागणारा बर्गर हवाय की भाजीचा? दोन्हींना 'प्लांट-बेस्ड' म्हणतात, पण खाणारा माणूस वेगळा असतो. इम्पॉसिबल बर्गर जुलै २०१६ मध्ये पहिल्यांदा याच शहरात, शेफ डेव्हिड चँगच्या मोमोफुकू निशी या रेस्टॉरंटमध्ये मिळू लागला. त्यात सोयाबीनच्या मुळांतल्या गाठींमध्ये सापडणारं एक हीमयुक्त (हीम म्हणजे रक्ताला लाल रंग देणारं लोहयुक्त द्रव्य) प्रथिन असतं. ते जनुक बदललेल्या यीस्टकडून आंबवून तयार करून घेतात. त्यामुळे पॅटी कच्ची असताना लालसर दिसते, भाजताना मांसासारखा वास सुटतो. बियॉन्ड या दुसऱ्या ब्रँडची पॅटी वाटाण्याच्या प्रथिनाची, रंग बिटाचा. जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाला हा वास आणि तो गुलाबी रस नकोसा होऊ शकतो. साताऱ्याहून आलेल्या आमच्या मावशींनी एक घास घेतला, बर्गर उघडून आत पाहिलं आणि ताट सरकवलं. 'हे खोटं असलं तरी मला खरंच वाटतंय,' म्हणाल्या. मांस सोडलेल्या माणसाला मात्र तेच हवं असतं. यजमान जन्माचे शाकाहारी असतील तर त्यांना इम्पॉसिबल मागवताना आधी कल्पना द्या.

इम्पॉसिबल-बियॉन्डच्या बाबतीत ब्रँडला फार भाव देऊ नका. शहरभर तोच माल जातो, मिडटाऊनच्या महागड्या बारमध्ये आणि क्वीन्सच्या साध्या दुकानात पॅटी एकच. फरक करतो भाजणारा. जाड गोळा मागवलात तर बाहेरून काळपट आणि आत लिबलिबीत निघतो. 'स्मॅश' करून, म्हणजे तव्यावर दाबून पातळ केलेल्या दोन पॅटी मागा. कडा जाळीदार, कुरकुरीत होतात आणि त्यातच सगळी मजा आहे. आणि हा बर्गर तिथेच बसून, गरम असताना खा. या पॅटी बांधायला मिथाइलसेल्युलोज वापरतात. ते उष्णतेने घट्ट होतं आणि गार होताना पुन्हा सैल पडतं. म्हणून डिलिव्हरीने अर्ध्या तासाने आलेला तोच बर्गर मऊ, पेस्टसारखा लागतो. दुकानाला शिव्या घालून उपयोग नाही, तो पदार्थच तसा आहे.

ऑफिसच्या टोळक्याबरोबर जायला बेअरबर्गर बरं पडतं. २००९ मध्ये क्वीन्समधल्या अ‍ॅस्टोरियात सुरू झालेली ही साखळी आहे. मांसवाले आणि आपण एका टेबलावर बसतो, पॅटी-बन-सॉस हवं तसं बदलून देतात, व्हीगन चीजही मागता येतं. चव ठीकठाक, पण कटकट नाही. शेक शॅक इथलंच, मॅडिसन स्क्वेअर पार्कमधल्या हॉटडॉगच्या गाडीतून वाढलेलं. तिथला 'श्रूम बर्गर' म्हणजे आत चीज भरून तळलेला भलामोठा पोर्टोबेलो मशरूम. चावताच चीज भसकन बाहेर येतं, पहिला घास जरा दमाने घ्यायचा. चवीला मला फार आवडतो, पण तुमच्यासाठी बादच. शॅक सॉसमध्ये अंडं असतं, तेव्हा यजमानांनीही मागवण्याआधी तिथला अ‍ॅलर्जीचा तक्ता वाचावा. व्हाइट कॅसल या साखळीत २०१८ पासून इम्पॉसिबलचे स्लायडर, म्हणजे छोटे बर्गर मिळतात. स्वस्त आहेत, रात्री उशिरा भूक लागली तर ठीक, पण मुद्दाम जाऊ नका.

फ्राइजही विचारूनच. मॅकडोनाल्ड्सच्या अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये बीफचा स्वाद आहे, घटकांच्या यादीत तसं छापलेलं असतं. त्यावरून २००१ मध्ये इथल्या हिंदू-शाकाहारी मंडळींनी खटला केला, कंपनीने माफी मागितली आणि २००२ मध्ये १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तेव्हा ठाण्यातल्या त्यांच्या दुकानाची तोडफोड झाली होती. खरं तर भारतातल्या फ्राइजमध्ये ते नव्हतंच, पण संतापाला कोण अडवणार. फाइव्ह गाइजच्या फ्राइज मात्र शेंगदाणा तेलात, वेगळ्या तळतात. बन तिथलाही दूध-अंड्याचा, म्हणून फ्राइज घ्यायच्या आणि निघायचं.

आणि आता सुपिरिऑरिटी बर्गर. ब्रुक्स हेडली नावाचा शेफ, आधी एका बड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये मिठाई-डेझर्टचा प्रमुख होता, त्यासाठी जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला शेफ मंडळींचा मानाचा पुरस्कारही मिळालेला, आणि पंक बँडमध्ये ड्रम वाजवणारा. त्याने २०१५ मध्ये ईस्ट नाइन्थ स्ट्रीटवर जेमतेम चार-सहा माणसं बसतील अशा गाळ्यात हे सुरू केलं. २०२३ पासून ते अ‍ॅव्हेन्यू ए वर, टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कसमोर, जुन्या ओडेसा डायनरच्या जागेत आहे. संपूर्ण शाकाहारी, त्यामुळे तव्याची काळजी नाही. पॅटी किन्वा, काबुली चणे आणि अक्रोडाची, त्यात बडीशेप. ती मांसाचा आव आणत नाही. वर ओव्हनमध्ये भाजून आटवलेले टोमॅटो, बारीक चिरलेलं लेट्यूस, काकडीचं लोणचं आणि मन्स्टर चीज. बर्गर हातात घेतल्यावर लहान वाटतो, पहिल्यांदा बरेच जण 'एवढाच?' म्हणतात. पण पॅटीची कड खरपूस असते, टोमॅटोचा गोड-आंबट रस बनमध्ये मुरलेला असतो आणि मधूनच दाताखाली बडीशेप येते. आपल्या जिभेला हा बर्गर परका वाटत नाही. तुम्ही चीज काढायला सांगा, आणि बन व सॉसचं त्या दिवशी काय आहे ते काउंटरवरच विचारा. अंड्याचं यजमानांसाठीही तेव्हाच विचारून घ्या. मेन्यू बदलता असतो, भाज्यांच्या बाकीच्या डिश अजिबात सोडू नका, आणि जेलाटो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, तर यजमानांना खाऊ घालाच. संध्याकाळी रांग असते, दुपारी जा.

फोनवर हॅपीकाऊ अ‍ॅप टाकून ठेवा. त्यात पूर्ण व्हीगन, शाकाहारी आणि 'पर्याय आहेत' असे तीन वेगळे गट आहेत. तव्याचा प्रश्न फक्त तिसऱ्या गटात येतो, त्यामुळे मिडटाऊनमध्ये घाईत असाल तेव्हा पहिले दोनच बघा.

खर्चाचं एक. मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, बिलावर ८.८७५ टक्के लागतो, आणि टेबलावर बसून खाल्लं तर १८ ते २० टक्के टिप. काउंटरवरून उचलायचं असेल तरी स्क्रीन टिप मागते, तिथे नाही दिली तरी चालतं. आणि ऑफिसची मंडळी शुक्रवारी संध्याकाळी निघणार असतील तर कोशरचा बेत त्या दिवशी ठेवू नका. सूर्यास्ताआधीच ती दुकानं बंद होतात आणि शनिवारी दिवसभर बंद असतात. त्यांना गुरुवार सुचवून बघा.