बोल्यू घराण्याचं मूळ आडनाव कसं शोधावं?

प्रश्न : मुलगा माँट्रियलला असतो, सून तिथलीच, फ्रेंच भाषक. आमची वंशावळ पाहून तिनेही आपलं घराणं शोधायला घेतलं. आडनाव बोल्यू. खापरपणजोबा एमिल 1860 च्या सुमारास जन्मले, पण गावच्या चर्चच्या वहीत एमिल सापडत नाही. आणि 1800 च्या मागे गेलं की बोल्यू हे आडनावच नाहीसं होतं. चूक कुठे होते?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : एमिल बहुधा त्याच वहीत आहेत, पण ‘जोसेफ’ म्हणून. क्वेबेक प्रांतातल्या (माँट्रियल तिथेच आहे) फ्रेंच भाषक कॅथॉलिक घरांत मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावत. मधलं नाव बहुतेक वेळा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्यांचं) असे आणि हाक मारायचं नाव शेवटी येई. आपल्याकडे बारशाला राशीचं नाव वेगळं असतं, तसंच हे. सूचीत सगळे जोसेफ शोधून काढा आणि मूळ पानावर आईवडिलांची नावं जुळवा. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत, म्हणून दफनाची नोंद पाहिल्याशिवाय बाप्तिस्मा पक्का धरू नका. अनेक वंशावळी इथेच चुकतात.

आडनावाची गाठ ‘दी’ या फ्रेंच शब्दात आहे. ‘दी’ म्हणजे ‘असं म्हटला जाणारा’. ‘युदों दी बोल्यू’ म्हणजे मूळ युदों, ओळख बोल्यू. कोल्हापूरकडे पाटलांना ‘मूळ आडनाव काय?’ असं विचारावं लागतं, अगदी तसंच. 1665 मध्ये फ्रान्सहून कारिन्यान-सालिएर या लष्करी पलटणीबरोबर तिथे आलेल्या शिपायांना अशी टोपणनावं होती. काहींना ती गावावरून, जमिनीवरून किंवा स्वभावावरून पडली. एकच माणूस लग्नात युदों आणि दफनात बोल्यू असू शकतो. एका भावाचा वंश एका नावाने चालला, दुसऱ्याचा दुसऱ्या नावाने. मात्र बोल्यू म्हणवणारी घराणी एकाहून जास्त आहेत, तेव्हा तुमच्या सूनबाई युदोंच असतील असं गृहीत धरू नका. युदोंच्या आधी न उच्चारला जाणारा ‘एच’ लिहितात, तो गाळूनही शोधा. पाद्री कानावर पडेल तसं लिहीत.

मागे जायचं ते लग्नांच्या आधारे. पहिल्या लग्नाच्या नोंदीत वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, म्हणजे एका पानात एक पिढी मागे. विधुर किंवा विधवेच्या लग्नात मात्र बहुधा आधीच्या जोडीदाराचं नाव लिहीत, आईवडिलांचं नाही. तिथे आधीचं लग्न शोधावं लागतं. लग्न बहुधा वधूच्या गावी होई, म्हणून वराच्या गावात ते न मिळाल्यास थांबू नका. बाई लग्नानंतरही नोंदीत माहेरच्याच आडनावाने राहते, अगदी दफनापर्यंत. सासरच्या आडनावाने तिला शोधणं व्यर्थ.

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर क्वेबेकच्या चर्चवह्या 1621 पासून फुकट पाहता येतात. एखादं पान फाटलं असेल तर दुसरी प्रत शोधा. वह्या दोन प्रतींत ठेवत, एक चर्चमध्ये, एक सरकारदरबारी.

प्रश्न : आमच्या फ्रेंच भाषक कॅनेडियन जावयांच्या घराण्याची एक शाखा अमेरिकेत गेली आणि तिथेच माग तुटतो.
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या) कापडगिरण्यांत गेलेल्या अनेकांच्या आडनावांचं भाषांतर झालं. रुआ (राजा) याचं किंग झालं, ब्वाव्हेर (हिरवं रान) याचं ग्रीनवुड. आडनावाचा अर्थ काढा आणि तो इंग्रजीत शोधा.